बापाने रस्त्यावर सोडलेलं पोरगं राजांचा आचारी झालं, कारण दुकानाशेजारी लायब्ररी होती

केकच्या दुकानाबाहेर उभं राहून काचेतला तीन मजली केक बघत बसणं, हे आपण सगळ्यांनीच केलंय. खाण्याआधी नुसतं बघावंसं वाटेल असे केक करण्यात सगळ्यात जास्त नाव कमावलं ते मारी-आंत्वान कारेम या माणसाने. आणि त्याला घडवलं पॅरिसमधल्या एका गल्लीने.

कारेम जन्मला फ्रेंच राज्यक्रांतीच्या काही वर्षं आधी. घरात अठराविश्वे दारिद्र्य, खाणारी तोंडं भरपूर. त्याने स्वतःच पुढे सांगितल्याप्रमाणे, साधारण दहा वर्षांचा असताना बापाने त्याला तुझं तू बघ म्हणून रस्त्यावर सोडून दिलं. बाहेर क्रांतीचा धुमाकूळ चालू होता. एका साध्या खाणावळीत त्याला आसरा मिळाला. भांडी घासायची, पडेल ते काम करायचं आणि तिथेच झोपायचं.

याच काळात पॅरिसचं खाणंपिणं बदलत होतं. 1791 मध्ये कारागिरांचे जुने संघ मोडीत निघाले, त्यामुळे दुकान टाकायला संघाच्या परवान्याची गरज उरली नाही. सरदार देशोधडीला लागले आणि त्यांचे आचारी बेकार झाले. त्यातल्या अनेकांनी हॉटेलं काढली. पाले-रोयाल या जुन्या राजवाड्याच्या कमानींखाली आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत दुकानं, कॅफे, खाणावळी यांची गर्दी झाली.

तिथल्याच रू व्हिविएन या रस्त्यावर सिल्व्हँ बायी याचं पेस्ट्रीचं नावाजलेलं दुकान होतं. किशोरवयातला कारेम तिथे उमेदवारीला लागला. या दुकानापासून हाकेच्या अंतरावर फ्रान्सची राष्ट्रीय लायब्ररी होती. मालकाने पोराची चुणूक ओळखली आणि त्याला आठवड्यातून दोनदा तिथे जायची मोकळीक दिली. शिक्षण जवळपास नसलेला हा मुलगा लायब्ररीत बसून ग्रीक मंदिरं, चिनी मंडप, इजिप्तमधल्या इमारती यांची चित्रं काढायचा.

आणि मग तीच चित्रं दुकानाच्या काचेत उभी राहायची. साखर, डिंक आणि बदामाचा गोळा वापरून केलेली देवळं, कारंजी, पडके बुरूज, काही तर कित्येक फूट उंच. मेजवानीत टेबलाच्या मधोमध हे ठेवायची श्रीमंतांमध्ये फॅशन होती. बायीच्या गिऱ्हाइकांत नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री तालेराँ होता. त्याची नजर कारेमवर पडली आणि पोराचं नशीब पालटलं.

पुढे कारेमने रू द ला पे या रस्त्यावर स्वतःचं दुकान थाटलं. 1810 मध्ये नेपोलियनच्या दुसऱ्या लग्नाच्या मेजवानीत त्याच्या हातचं काम होतं. गंमत बघा, नेपोलियन हरल्यावर पॅरिसमध्ये आलेल्या रशियाच्या झारसाठीही यानेच स्वयंपाक केला. 1816 मध्ये तो इंग्लंडच्या राजपुत्राकडे गेला, पण तिथे त्याचं मन रमलं नाही. शेवटी पॅरिसमध्येच रॉथशिल्ड या बँकर घराण्याकडे तो स्थिरावला.

पण कारेमचं मोठेपण राजांच्या यादीत नाही. त्या काळी आचाऱ्यांची विद्या सहसा गुरूकडून चेल्याकडे तोंडीच जायची. त्याने ती लिहून काढली, तीही स्वतः काढलेल्या चित्रांसह. 1815 पासून त्याची पुस्तकं येत राहिली. आपल्या खारीसारखे पापुद्रे सुटणारं पीठ कसं लाटायचं, सॉसचे मूळ प्रकार चार आणि बाकीचे त्यातून कसे निघतात, हे त्याने नीट मांडलं. रस्त्यावर सोडलेल्या दुसऱ्या एखाद्या पोराला गुरू भेटला नाही, तरी पुस्तक मिळेल अशी सोय झाली.

याची किंमत मात्र त्याच्या शरीराने मोजली. तेव्हाच्या स्वयंपाकघरात कोळशाच्या शेगड्या असायच्या आणि पदार्थ गार होऊ नयेत म्हणून खिडक्या बंद ठेवायचे. वर्षानुवर्षं तो धूर छातीत गेला. 12 जानेवारी 1833 रोजी कारेम गेला, तेव्हा त्याने पन्नाशीही गाठली नव्हती. त्याच्या अकाली मृत्यूला हाच धूर कारणीभूत असावा असं मानलं जातं. फ्रेंच पाककलेवरचा त्याचा मोठा ग्रंथ अपुरा राहिला होता. शेवटचे दोन खंड प्ल्युमरे नावाच्या आचाऱ्याने पूर्ण केले.

आज पॅरिसला गेलात तर या भागात पायी फिरता येतं. रू माँतोर्गेय रस्त्यावर 1730 पासूनचं स्टोरेर हे पेस्ट्रीचं दुकान अजून चालू आहे. कारेमच्या जन्माच्याही आधीचं! तिथून थोडं चालत गेलं की रू व्हिविएन लागतो. ती लायब्ररीही तिथेच आहे, मोठ्या दुरुस्तीनंतर 2022 मध्ये ती लोकांसाठी पुन्हा उघडली. फ्रान्सच्या या राष्ट्रीय लायब्ररीच्या संग्रहात आता कारेमची पुस्तकंही आहेत.