शल्यविशारद हेन्री सूटर

मानवी हृदय हा अविश्रांत चालणारा पंपच होय. त्याच्या कप्प्यांना झडपा असतात. त्या रक्ताला पुढे जाऊ देतात, परंतु मागे फिरू देत नाहीत. बालपणी घसा दुखून पुढे संधिवाताचा ज्वर जडला, तर कित्येकदा या झडपा सुजतात व कालांतराने त्यांच्या पाकळ्या एकमेकींस चिकटतात. मग रक्ताची वाट अरुंद होते, फुप्फुसांत रक्त तुंबते आणि रोग्याला चार पावले टाकतानाही धाप लागते. धडधडत्या हृदयाच्या आत हात घालणे म्हणजे रोग्यास मृत्यूच्या स्वाधीन करणे, असा त्या काळी बहुतेक डॉक्टरांचा समज होता.

हेन्री सूटर यांना हे मान्य नव्हते. त्यांचा जन्म १८७५ साली झाला. ऑक्सफर्ड येथे त्यांनी गणिताचा अभ्यास केला. यंत्रविद्येचीही त्यांना गोडी होती. शस्त्रक्रियेची कित्येक उपकरणे ते स्वहस्ते बनवीत. झडपेतील बिघाड यंत्रातील बिघाडासारखाच आहे, तेव्हा तो हातानेच दुरुस्त केला पाहिजे, असे त्यांना वाटे.

६ मे १९२५ रोजी लंडन हॉस्पिटलमध्ये झडपेच्या विकाराने जर्जर झालेल्या एका मुलीवर त्यांनी शस्त्रक्रिया केली. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला छेद देऊन त्यांनी आपली तर्जनी आत घातली. हृदय चालूच होते. डोळ्यांना काही दिसत नसताना केवळ स्पर्शाने त्यांनी झडप चाचपली. ती कापण्याचा त्यांचा विचार होता. पण रक्त मागे फिरत असल्याचे बोटाला जाणवताच त्यांनी तो सोडला व बोटानेच वाट थोडी रुंद केली. मुलगी बरी होऊन घरी गेली.

एवढे यश मिळूनही अशा विकाराचा दुसरा रोगी त्यांच्याकडे कोणी धाडला नाही. दोष झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत आहे, असे पुष्कळ डॉक्टर मानीत. तेवीस वर्षे अशीच गेली. अखेर १९४८ साली अमेरिकेत चार्ल्स बेली व ड्वाइट हार्कन यांनी आणि लंडनमध्ये रसेल ब्रॉक यांनी तोच मार्ग अनुसरला. मग हजारो रोग्यांना नवे जीवन लाभले. सूटर यांचे निधन १९६४ साली झाले. त्यापूर्वी आपल्या एकाकी पाऊलवाटेचा राजमार्ग झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला.