मिरचीने मिळवून दिलेलं नोबेल

कापलेलं सफरचंद काळं का पडतं? वांगी चिरली की ती लगेच पाण्यात का टाकायची? आणि लिंबू कितीही वेळ कापून ठेवा, ते तसं काळं का पडत नाही? प्रश्न स्वयंपाकघरातले आहेत, पण एका माणसाला ते थेट नोबेलपर्यंत घेऊन गेले. त्यांचं नाव आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी.

जन्म १८९३ चा, बुडापेस्टचा. आजोळी सगळे शरीरशास्त्राचे प्राध्यापक. लहानपणी मात्र आल्बर्ट अगदी यथातथा. हा पोरगा संशोधनात काही करणार नाही, असं मामांचं स्पष्ट मत होतं! पहिल्या महायुद्धात आघाडीवर त्यांनी इतकं पाहिलं की १९१६ मध्ये स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली, शत्रूची लागली असं सांगितलं, आणि घरी परत येऊन डॉक्टरकी पूर्ण केली. याला भित्रेपणा म्हणायचं की शहाणपण, ते ज्याने त्याने ठरवावं.

युद्धानंतर नोकरीच्या शोधात भटकत ते नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला पोचले. अॅडिसनच्या आजारात माणसाच्या अॅड्रिनल ग्रंथी निकामी होतात आणि कातडी तपकिरी पडते. फळांचं काळं पडणं आणि हे, यांचा काही संबंध असेल का? ही कल्पना पुढे चुकीची निघाली, पण तिच्या नादाने त्यांनी वनस्पतींचे रस तपासायला घेतले.

त्यांची टेस्ट सोपी होती. वनस्पतीतलं पेरॉक्सिडेज हे एन्झाइम, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बेन्झिडीन एकत्र केलं की झटकन निळा रंग येतो. (बेन्झिडीन कॅन्सरकारक आहे, त्यामुळे आज घरी किंवा लॅबमध्ये हा प्रयोग करून बघू नका!) एन्झाइमऐवजी संत्र्या-लिंबाचा रस घातला तरी निळा रंग येतोच, फक्त एखाद्या सेकंदाने उशिरा. आपण काय केलं असतं? रीडिंग लिहून पुढच्या टेस्ट-ट्यूबकडे वळलो असतो. त्यांनी तो एक सेकंद पकडला. रसात असं काहीतरी आहे की जे ऑक्सिडाइझ झालेल्या बेन्झिडीनला परत रंगहीन करतं. ते संपलं की मगच निळा रंग टिकतो. आज याला आपण अँटिऑक्सिडंट म्हणतो.

पण ग्रोनिंगेनचे प्रोफेसर वारले आणि नव्या साहेबांना हे काम पसंत नव्हतं. नोकरी गेली, बायको-मुलीला माहेरी पाठवलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले. जाता जाता शेवटची म्हणून १९२६ ची स्टॉकहोमची परिषद गाठली, तर तिथे अध्यक्षीय भाषणात केंब्रिजच्या हॉपकिन्स यांनी त्यांच्याच पेपरचा उल्लेख केला! हॉपकिन्सनी त्यांना केंब्रिजला बोलावून घेतलं.

तिथे त्या पदार्थाचे स्फटिक हाती आले. कार्बनचे सहा, हायड्रोजनचे आठ आणि ऑक्सिजनचे सहा अणू, पण रचना अज्ञात. म्हणून त्यांनी नाव सुचवलं 'इग्नोज', म्हणजे ठाऊक नसलेली साखर. संपादकांना विनोद कळला, पण आवडला नाही. मग 'गॉडनोज', म्हणजे देवालाच ठाऊक! तेही फेटाळलं गेलं. शेवटी १९२८ मध्ये 'हेक्झुरोनिक अॅसिड' या नीरस नावाने पेपर छापला गेला.

आता खरी गंमत. हेच व्हिटॅमिन सी असेल, ही शंका त्यांना आली होती. ते पडताळायला फक्त गिनी पिगना खाऊ घालायचं होतं. पण व्हिटॅमिन हा विषय त्यांना शास्त्रज्ञांपेक्षा स्वयंपाक्यांचा वाटायचा! तीनेक वर्षं स्फटिक तसेच राहिले. ते हंगेरीत सेगेडला प्राध्यापक झाले. १९३१ मध्ये अमेरिकेतून स्वर्बेली नावाचा तरुण संशोधक आला, त्याला ही टेस्ट येत होती. उकळलेल्या अन्नावर ठेवलेले गिनी पिग स्कर्व्हीने मेले. ज्यांना रोज एक मिलिग्रॅम हेक्झुरोनिक अॅसिड मिळालं, ते ठणठणीत राहिले. स्वर्बेली आधी ज्यांच्याकडे होता त्या पिट्सबर्गच्या किंग यांनीही १९३२ मध्येच हाच निष्कर्ष छापला, आणि श्रेयावरून बरीच जुंपली.

आता माल कमी पडू लागला. अमेरिकेतल्या कत्तलखान्यांतून अॅड्रिनल ग्रंथी गोळा करून जेमतेम २५ ग्रॅम मिळालं होतं. सेगेड हे पाप्रिका मिरचीचं गाव. एका रात्री बायकोने जेवणात ताजी मिरची वाढली. खायचा कंटाळा आला होता, म्हणून तपासून बघतो असं सांगून ते ती घेऊन लॅबमध्ये गेले. मध्यरात्रीपर्यंत कळलं की मिरचीत खजिना आहे. काही आठवड्यांत किलोच्या वर स्फटिक तयार! त्यावर बर्मिंगहॅमच्या हॉवर्थ यांनी १९३३ मध्ये रचना उलगडली, आणि नवं नाव पडलं, अॅस्कॉर्बिक अॅसिड. १९३७ मध्ये सेंट-ज्यॉर्जींना वैद्यकाचं नोबेल मिळालं, हॉवर्थना रसायनशास्त्राचं (कारर यांच्यासह).

आज हर्बल अर्कांवर प्रोजेक्ट करणारे आपले मित्र डीपीपीएच टेस्ट करतात. जांभळा रंग किती फिका पडला ते मोजायचं, आणि तुलनेला बहुतेक वेळा हेच अॅस्कॉर्बिक अॅसिड ठेवायचं. आकडा चांगला आला की रिपोर्टमध्ये 'औषधी' हा शब्द लगेच येतो. त्यांनी पुढची गोष्ट जरूर वाचावी.

काही रुग्णांचा रक्तस्राव अशुद्ध अर्काने थांबला, शुद्ध व्हिटॅमिन सीने नाही. अर्कात आणखी काही असणार! लिंबातले फ्लॅव्होनॉइड वेगळे काढून १९३६ मध्ये सेंट-ज्यॉर्जींनी 'व्हिटॅमिन पी' जाहीर केलं. टेस्ट-ट्यूबमध्ये फ्लॅव्होनॉइड उत्तम अँटिऑक्सिडंट असतात, पण गिनी पिगवरचे ते निकाल पुन्हा मिळेनात. शेवटी व्हिटॅमिनच्या यादीतून 'पी' गेला.

तोवर ते स्नायूंच्या संशोधनात शिरले होते. नोबेलचं सुवर्णपदक त्यांनी युद्धग्रस्त फिनलंडच्या मदतीला देऊन टाकलं. नाझींविरुद्ध गुप्त कामगिरीवर १९४३ मध्ये इस्तंबूलला गेले आणि नंतर बराच काळ लपून राहिले. १९४७ मध्ये अमेरिकेला गेले आणि वूड्स होलच्या समुद्रकाठी अखेरपर्यंत कॅन्सरवर काम करत राहिले. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, तिथेच त्यांचं निधन झालं.