पदवीवाचून हरिभाऊ

कात्रजहून बसने निघून स्वारगेटमार्गे आपण अप्पा बळवंत चौकात पुस्तके घ्यायला जातो. त्या चौकाजवळच आनंदाश्रमाची वास्तू आहे. पुस्तकांच्या गर्दीत तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मराठी कादंबरीला नवे वळण देणारे हरि नारायण आपटे यांच्या आयुष्याचा मोठा भाग या संस्थेच्या कामात गेला. आपल्यापैकी जे गणितात अडखळून दुसऱ्या शाखेतून कलाशाखेत आले, त्यांना तर हरिभाऊ अगदी जवळचे वाटावेत. कारण त्यांचीही वाट गणितानेच अडविली होती.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशात पारोळे येथे झाला. बालपणीच आईचे छत्र हरपले. पुढे शिक्षणासाठी पुण्यास आल्यावर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. वाचनाचे वेड तर विलक्षण होते. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री वारले, तेव्हा या शाळकरी मुलाने त्यांच्यावर शोककाव्य रचले. आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ हे भाषांतर केले, त्यावरही या शिष्याने विस्तृत टीका लिहिली. गुरूच्या पुस्तकावर लेखणी चालविण्याइतकी ही बुद्धी स्वतंत्र होती.

पण गणित काही केल्या साधेना. त्या काळी मुंबई विद्यापीठात कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही सुरुवातीच्या परीक्षांत गणित घ्यावेच लागे. आज विज्ञान वा वाणिज्य सोडून कलाशाखेकडे वळता येते. हरिभाऊंना वळायला दुसरी शाखाच नव्हती. आधी डेक्कन कॉलेज झाले, मग १८८५ मध्ये निघालेले फर्ग्युसन कॉलेज झाले. कॉलेज बदलले तरी विषय तोच! शिक्षकांची उणीव होती असेही नाही. स्वतः टिळक तेथे गणित शिकवीत होते. तरीही यश आले नाही आणि हरिभाऊ पदवी न घेताच बाहेर पडले. ज्या घरात काका महादेव चिमणाजी हे मुंबईचे नामांकित वकील होते, तेथे ही गोष्ट किती बोचली असेल!

मात्र कॉलेज सुटले तरी अभ्यास सुटला नाही. १८८५ मध्येच ‘मधली स्थिति’ ही त्यांची पहिली कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली होती. काकांनी संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी आनंदाश्रम स्थापन केला, त्याची व्यवस्था हरिभाऊंनी सांभाळली. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले व ते १९१७ पर्यंत चालविले. दर आठवड्याला अंक वेळेवर काढायचा आणि त्यात कादंबरीचे प्रकरण द्यायचे, ही परीक्षा विद्यापीठाच्या परीक्षेहून सोपी नव्हती. ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधून त्यांनी यमूच्या तोंडून स्त्रीच्या छळाची कहाणी सांगितली आणि विधवेच्या केशवपनाची क्रूरता घराघरांत पोचविली. ‘मी’, ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबऱ्याही याच साप्ताहिकाच्या काळातील. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आणि ज्या विद्यापीठाची पदवी त्यांना मिळाली नव्हती, त्याच विद्यापीठाने १९१५ मध्ये विल्सन व्याख्यानमालेत मराठीचा उगम व विकास या विषयावर बोलण्यासाठी त्यांना पाचारण केले. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

हे वाचून कोणी गणिताचे पुस्तक आनंदाने माळ्यावर टाकू नये! हरिभाऊंच्या पाठीशी काकांचा आधार होता, आनंदाश्रमाचे काम होते. तसा आधार सर्वांनाच नसतो. शिवाय नापास होण्याने ते लेखक झाले नाहीत. ते नापास होण्याआधीपासूनच लिहीत होते, वाचीत होते. वाट बदलणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. जे सोडले त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. परंतु जे धरले त्याच्यासाठी आपण रोज किती बसतो, हा हिशेब तरी मांडायला हवा. एवढे गणित हरिभाऊंना उत्तम येत होते.