विश्लेषण: गिरणी कामगारांना रविवारची सुटी कशी मिळाली? नारायण मेघाजी लोखंडे आणि ‘दीनबंधू’

मुंबईच्या गिरणी मालक संघाने १० जून १८९० रोजी कामगारांना दर रविवारी सुटी देण्याचे मान्य केले. भारतातील रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांनी आणली, असे त्यामुळे सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. सरकारी कचेऱ्यांना ही सुटी आधीपासूनच होती. ती गिरणीच्या दारापर्यंत पोहोचलेली नव्हती. ती तिथवर नेण्यासाठी लोखंडे यांना दहा वर्षे लागली आणि त्या काळात त्यांच्या हाती होते तुटपुंज्या भांडवलावर चालणारे एक मराठी साप्ताहिक, ‘दीनबंधू’.

लोखंडे कोण होते?

लोखंडे यांचा जन्म १८४८चा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. घरची परिस्थिती बेताची असल्याने पुढे शिकता आले नाही. रेल्वे आणि टपाल खात्यात काही काळ नोकरी केल्यावर ते मुंबईत मांडवी येथील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणीतले हाल त्यांना दिसले ते याच नोकरीत. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाशी ते पुढच्याच वर्षी जोडले गेले.

‘दीनबंधू’ कुठून आले?

हे पत्र लोखंडे यांनी सुरू केलेले नाही. सत्यशोधक कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी ते १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात काढले. त्या वेळी विष्णुशास्त्री चिपळूणकर ‘निबंधमाले’तून फुल्यांवर तिखट टीका करत होते. तिला उत्तर द्यायला आणि शेतकरी, कारागिरांची बाजू मांडायला सत्यशोधकांकडे स्वतःचे पत्र नव्हते. भालेकरांनी पदरमोड करून ते चालवले, पण वर्गणीदार थोडे आणि खर्च मोठा, त्यामुळे ते बंद पडायच्या बेतात आले. मे १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणले. देशी भाषांतील पत्रांवर बंधने घालणारा १८७८चा कायदा तेव्हा लागू होता. तो १८८२ मध्ये रद्द झाला.

मोठी पत्रे असताना याची गरज का भासली?

कामगारांच्या बाबतीत मोठ्या पत्रांची अडचण खरी होती. हिंदुस्थानातील गिरण्यांना कायद्याने वेसण घाला, अशी मागणी लँकेशायरचे कापड कारखानदार करत होते. त्यात कामगारांच्या कळवळ्यापेक्षा धंद्यातील स्पर्धेचा भाग मोठा होता. त्यामुळे राष्ट्रीय बाण्याच्या अनेक पत्रांनी कारखाना कायद्याला विरोध केला. देशी उद्योग नुकता उभा राहत असताना त्याच्या पायात बेडी नको, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता.

या वादात दोन्ही बाजू भांडवलदारांच्याच होत्या. रत्नागिरी, सातारा, पुणे भागातून येऊन दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत साच्यावर उभा राहणारा माणूस त्यात कुठेच नव्हता. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या मोजक्या सुधारकांनी त्याच्यासाठी कायद्याचा प्रयत्न केला. पुढे १८८१चा कारखाना कायदा आला, पण त्याने केवळ मुलांना थोडे संरक्षण दिले. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवू नये आणि महिन्याला चार सुट्या द्याव्यात, एवढेच त्यात होते. प्रौढ स्त्री-पुरुषांना त्यातून काहीही मिळाले नाही. ‘दीनबंधू’ने हीच रिकामी जागा धरली.

कामगारांना वाचता येत नव्हते, मग पत्राचा उपयोग काय?

बहुसंख्य कामगार निरक्षर होते. तरीही पत्राचा उपयोग दोन अंगांनी झाला. एक म्हणजे, खात्याखात्यांत आणि चाळीचाळींत विखुरलेल्या तक्रारी एका जागी आल्या आणि त्यांना मागण्यांचे रूप मिळाले. दुसरे म्हणजे, सरकारचे देशी पत्रांवर बारीक लक्ष असे. त्यांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला तयार होऊन वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे जाई. ज्याला कचेरीच्या पायरीवरही कोणी उभे केले नसते, त्याचे गाऱ्हाणे छापून आल्यामुळे साहेबाच्या टेबलावर पोहोचत असे.

पाच मागण्या कोणत्या?

कारखाना कायद्याचा फेरविचार करण्यासाठी सरकारने १८८४ मध्ये आयोग नेमला. लोखंडे यांनी ही संधी साधून सप्टेंबरमध्ये परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे तयार झालेल्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या-अंगठे केले. मागण्या पाच होत्या: दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई.

बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ही देशातील पहिली कामगार संघटना मानली जाते. तिचा आरंभ काही अभ्यासक याच सभांपासून धरतात, तर काही १८९० पासून. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. तिच्याकडे सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, संपासाठी निधीही नव्हता. संघटनेचे पुष्कळसे काम पत्रालाच करावे लागत होते.

सहा वर्षे या मागण्या पडून राहिल्या. मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली. त्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. सुटी रविवारचीच मागण्यामागे एक घरगुती कारणही होते. रविवार हा खंडोबाचा वार आणि खंडोबा अनेक कामगारांचे कुलदैवत. जून महिन्यात मालकांनी ही मागणी मान्य केली. त्याच वर्षी नव्या कारखाना आयोगाच्या कामात लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आले.

‘दीनबंधू’ नेहमीच निर्भीड होते का?

नाही. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’ने छापली. पुढची प्रकरणे छापायला मात्र लोखंडे धजावले नाहीत. फुले संतापले आणि ही नाराजी त्यांनी लपवून ठेवली नाही. छोट्या पत्राला एक खटलाही बुडवू शकतो, ही संपादकाची भीती समजण्यासारखी होती. पण ज्यांच्यासाठी पत्र काढले, त्यांच्याच बाजूचा सर्वांत धारदार मजकूर त्यात येऊ शकला नाही, हेही तितकेच खरे. सरकारकडे अर्ज-विनंत्या करून सुधारणा मिळवायची, हा लोखंडे यांचा मार्ग होता. १८९५ मध्ये त्याच सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला.

समाजातील रूढींबाबत मात्र ते मागे हटले नाहीत. विधवांचे केशवपन करणार नाही, अशी भूमिका मुंबईच्या नाभिकांनी १८९० मध्ये घेतली, त्यामागे त्यांचा पुढाकार होता. मुंबईत १८९३ मध्ये हिंदू-मुस्लीम दंगल झाली तेव्हा राणीच्या बागेत त्यांनी सलोख्याची सभा भरवली.

हाती काय लागले?

१८९१च्या सुधारित कारखाना कायद्याने आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती दिली. स्त्रियांसाठी कामाची मर्यादा ११ तासांची झाली. प्रौढ पुरुषांच्या तासांना कापड गिरण्यांत मर्यादा आली ती १९११ मध्ये. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये, तर वेळेवर पगाराचा १९३६ मध्ये झाला. परळच्या निवेदनातील शेवटची मागणी कायद्यात उतरायला ५२ वर्षे लागली.

लोखंडे यांना यातले फार थोडे पाहता आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पहिले रुग्ण सापडले ते मांडवीतच, जिथे त्यांनी नोकरी केली होती. गिरणगावातील रुग्णांसाठी धावपळ करताना त्यांनाही लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. ‘दीनबंधू’ मात्र बंद पडले नाही. पुढे वासुदेव बिर्जे यांनी ते चालवले आणि त्यांच्यानंतर पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादकपद सांभाळले. मराठीतील अगदी सुरुवातीच्या स्त्री संपादकांत त्यांची गणना होते.

आज परळमधील राज्य सरकारच्या श्रमविज्ञान संस्थेला लोखंडे यांचे नाव आहे. २००५ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. पण साप्ताहिक सुटी आणि ठरलेल्या तारखेचा पगार आजही कागदावरच असलेले कामगार मुंबईत कमी नाहीत. पाच मागण्यांची ती यादी म्हणूनच अजून जुनी झालेली नाही.