चिं. वि. जोशी : चिमणरावांचे जनक, पालीचे पंडित



मागील घटकात आपण श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि राम गणेश गडकरी यांच्या विनोदाचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात ज्या लेखकाचे चरित्र आपण अभ्यासणार आहोत, त्याचे नाव तुमच्यापैकी काहींना कदाचित आठवणार नाही. पण त्याने निर्माण केलेल्या माणसाचे नाव मात्र तुम्हांला नक्कीच माहीत असेल. चिमणराव ठाऊक, चिंतामण विनायक जोशी अपरिचित, अशी ही स्थिती आहे. ती का आली आणि तीत लेखकाचे काय हरवले, हा प्रश्न मनात ठेवून पुढील मजकूर वाचावा.

चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. नूतन मराठी विद्यालयात शालेय आणि फर्ग्युसन महाविद्यालयात उच्च शिक्षण झाले. त्या काळी फर्ग्युसनमध्ये धर्मानंद कोसंबी पाली शिकवीत असत. गोव्यातून निघून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा ज्ञानाच्या शोधात प्रवास केलेल्या या गुरूच्या सहवासात जोशींना पालीची गोडी लागली, आणि ती जन्मभर टिकली. १९१६ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांचे पाली भाषेचे इंग्रजी पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे अनेक वर्षे पाली शिकणाऱ्यांच्या हाती ते पुस्तक होते. विनोदकार म्हणून त्यांचे नाव होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे, हे ध्यानात घ्या.

१९२० मध्ये ते बडोद्यास गेले. सयाजीराव गायकवाडांचे बडोदे हे तेव्हा मराठी विद्वानांचे मोठे आश्रयस्थान होते. तेथील महाविद्यालयात जोशींनी अध्यापन केले आणि नंतर संस्थानच्या दप्तरखान्याची जबाबदारी सांभाळली. जुने कागद वाचणे, त्यांची वर्गवारी करणे, कोणता कागद विश्वसनीय व कोणता नाही हे ठरवणे, असे ते काम. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तोवरची सुमारे तीन दशके त्यांनी या नगरीत घालवली. पुण्यातील मध्यमवर्गीय घराचे बारीकसारीक तपशिलांसह चित्र रेखाटणारे हे लेखन बहुतांशी पुण्याबाहेर राहणाऱ्या माणसाने केले आहे. दूर गेल्यावर आपल्या गावाचे बोलणे अधिक स्पष्ट ऐकू येते, असा भाषाभ्यासकांचा अनुभव आहे. जोशींच्या बाबतीतही तसेच घडले असावे, असे मला वाटते.

आता त्यांच्या पुस्तकांची नावे पाहू. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ १९३२ साली आले, ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ १९३३ साली, आणि ‘वायफळाचा मळा’ १९३६ साली. शहरात वाढलेल्या विद्यार्थ्यांना या शब्दांचा मूळ अर्थ लागत नाही, म्हणून थोडे थांबू. गुऱ्हाळ उसाचे असते. एरंड घाण्यात घातला तर रस निघणार नाही, घाणा मात्र फिरत राहील. चऱ्हाट म्हणजे लांबलचक दोर, आणि त्यावरून लांबत जाणारे कंटाळवाणे बोलणे. वायफळ म्हणजे निष्फळ, आणि त्याचा तर चक्क मळाच लावलेला. पुढे १९५५ साली ‘रहाटगाडगं’ आणि १९६२ साली ‘बोरीबाभळी’ आले. एकाही शीर्षकात लेखक आपल्या लेखनाला मोठेपणा देत नाही. शेतीतील शब्द घेऊन तो स्वतःच्या लेखनाला निरुपयोगी ठरवतो आणि वाचकाला बेसावध करतो. आजच्या वाचकाला हे शब्द टीप दिल्याशिवाय कळत नाहीत. एका पिढीचे हसू पुढच्या पिढीपर्यंत पोहोचण्यात शब्दसंग्रह किती मोठा अडसर ठरतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

‘चिमणरावांचे चऱ्हाट’ ही कादंबरी म्हणावी काय, असा प्रश्न परीक्षेत विचारला जातो. रूढ अर्थाने ती कादंबरी नव्हे. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र आहे. परंतु चिमणराव, त्यांची आई, पत्नी काऊ, मोरू, मैना, राघू ही मुले आणि दांडगा गुंड्याभाऊ हा सारा परिवार पुस्तकापुस्तकांतून वाचकाबरोबर चालत राहतो. १९४४ साली ‘आणखी चिमणराव’ आणि १९४७ साली ‘गुंड्याभाऊ’ प्रसिद्ध झाले. एका कुटुंबाचा दीर्घकाळ चालणारा विनोदी संसार, असे याचे वर्णन करता येईल. कादंबरी वाचल्याचे समाधान त्यातून मिळते, हे खरे.

चिमणराव हा कारकून. पगार तुटपुंजा, प्रतिष्ठेची चिंता मोठी. तुमच्यापैकी जे नावडे-पनवेल परिसरात राहून तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरी सांभाळत हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत, त्यांना असा एखादा सहकारी शोधायला लांब जावे लागणार नाही. योगायोग असा की, लंडनच्या एका कारकुनाची काल्पनिक दैनंदिनी सांगणारे ग्रोस्मिथ बंधूंचे गाजलेले इंग्रजी पुस्तक जोशींच्या जन्मवर्षीच, १८९२ मध्ये, ग्रंथरूपाने आले. दोन्हीकडे युक्ती सारखीच आहे. सांगणारा माणूस आपले सगळे गंभीरपणे सांगतो. आपण हास्यास्पद आहोत हे त्याला उमगत नाही, वाचकाला मात्र उमगते. कोल्हटकरांचा विनोद कोटी आणि युक्तिवाद यांवर, गडकऱ्यांचा अतिशयोक्तीवर उभा आहे. जोशींचे वाक्य मात्र सरळ, शांत, जवळजवळ अहवालासारखे असते. फजितीची हकिकत दप्तरात नोंद करावी तशी येते. ही शैली दप्तरखान्यातल्या माणसाची आहे, असे माझे मत आहे.

पाली अभ्यासाचाही यात वाटा असावा. १९३० साली त्यांनी जातकांतील निवडक गोष्टी मराठीत आणल्या. जातकांमध्ये एका बागेची कथा आहे. झाडांना पाणी घालण्याचे काम माकडांकडे सोपवले जाते. मूळ जितके लांब तितके पाणी अधिक द्यावे, असा विचार करून ती प्रत्येक रोप उपटून मुळे तपासतात. हेतू चांगला, तर्क बिनचूक आणि बाग उद्ध्वस्त! चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्या कित्येक उद्योगांची घडण याच जातीची आहे.

१९३३ हे वर्ष विशेष लक्षात ठेवा. त्या वर्षी ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ आले, आणि त्याच वर्षी लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने जोशींनी संपादिलेल्या ‘सद्धम्मप्पकासिनी’ या अट्ठकथेचा पहिला खंड प्रकाशित केला. तीन खंडांचे हे काम १९४७ पर्यंत चालले. दरम्यान १९३५ साली त्यांचे ‘शाक्यमुनि गौतम’ हे बुद्धचरित्रही निघाले. एकीकडे हस्तलिखितांतील पाठभेद तपासायचे, दुसरीकडे काऊचा संसार लिहायचा. मराठी वाचकाने यांतील एकच बाजू उचलली. आपल्याकडे हसवणाऱ्याला विद्वान मानण्याची तयारी नसते. जोशींना त्याची किंमत मोजावी लागली.

आता रूपांतरांकडे वळू. १९४० साली नवयुग चित्रपट संस्थेसाठी मास्टर विनायक यांनी ‘लग्न पहावं करून’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. शीर्षक परिचित म्हणीतून घेतलेले, विषय लग्न जमवण्याच्या खटपटीचा. पाठोपाठ १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’ आला. येथे एक अडचण समजून घ्या. पुस्तकातला चिमणराव ‘मी’ म्हणून बोलतो, आपण त्याच्या डोळ्यांनी जग पाहतो. पडद्यावर तो समोर उभा राहतो आणि आपण त्याच्याकडे पाहू लागतो. सांगणाऱ्याचा स्वर हरवतो, त्याची जागा देह घेतो. मालवणकर रंगभूमीवर मुरलेले नट होते. त्यांच्या तिरप्या नजरेने आणि चेहऱ्याने ती उणीव बरीच भरून काढली.

तुलनेसाठी ‘बटाट्याची चाळ’ पाहा. १९५८ च्या या पुस्तकाचा एकपात्री प्रयोग पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली रंगमंचावर आणला, तेव्हा लेखक स्वतःच बोलत होता. पुस्तकातला ‘मी’ अभंग राहिला. जोशींचा ‘मी’ मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या देहात गेला.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी जोशींचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचा बुद्धसंप्रदायावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले १९७२ साली, आणि १९७७ च्या सुमारास त्यावर ‘चिमणराव’ ही मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कृष्णधवल चित्र, एकच वाहिनी आणि ज्याच्या घरी संच त्याच्या घरी जमलेली शेजारपाजारची मंडळी. स्वतंत्र प्रकरणांची ही रचना मालिकेच्या भागांना जणू आधीच मापून ठेवल्यासारखी होती. चित्रपटाला ज्या सलग कथानकाची गरज भासते ती येथे नव्हती. प्रभावळकरांनी चिमणरावाला केवळ भोळा न ठेवता घाबरट प्रामाणिकपणा दिला, आणि हरवलेला ‘मी’ थोडासा परत आला. यश इतके मोठे की कर्वे यांना लोक गुंड्याभाऊ म्हणूनच ओळखू लागले. पुस्तक न वाचताही चिमणराव माहीत असलेली पिढी येथून तयार झाली.

या विनोदाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्याचे जग पुण्यातील एका पांढरपेशा जातिवर्गापुरते आहे. मुलीच्या लग्नासाठी झिजवलेले उंबरठे, वधूपरीक्षा, घरातील बायकांचे अखंड कष्ट यांवर आपण हसतो. पण त्या हसण्याखाली जे आहे ते लेखकाने फारसे उकरले नाही. तरी ते लपवलेलेही नाही. काऊच्या वाट्याला आलेले प्रसंग तिच्या बाजूने पुन्हा वाचून पाहा. पुष्कळ वेगळे पुस्तक हाती येते.

स्वाध्यायासाठी ‘चिमणरावांचे चऱ्हाट’मधील कोणतेही एक प्रकरण निवडा. त्यातील निवेदकाच्या जागी तिसऱ्या पुरुषातील निवेदक घालून पहिली दोन पाने आपल्या वहीत लिहून काढा. कोठे हसू मावळते त्या वाक्याखाली रेघ मारा आणि संपर्कसत्राला येताना ती वही बरोबर आणा.