गुन्हेगाराचं डोकं वाचणाऱ्या दोस्तोव्हस्कीला स्वतःतला जुगारी ओळखायला 8 वर्षं लागली

गुन्हा करण्याआधी माणूस स्वतःच्या मनाची समजूत कशी घालतो, हे उलगडून दाखवणारी जगप्रसिद्ध कादंबरी म्हणजे ‘क्राईम अँड पनिशमेंट’.

1865 साली या कादंबरीची योजना लेखकानं एका संपादकाला पत्रातून कळवली, तेव्हा तो जर्मनीतल्या वीसबाडेनच्या एका हॉटेलात अडकून पडला होता. बिल थकलेलं. हॉटेलवाल्यानं जेवण बंद करून नुसत्या चहावर ठेवलेलं. ओळखीपाळखीच्या लोकांना उसने पैसे मागणारी पत्रं चाललेली.

कारण एकच, रुलेट. जवळ होतं नव्हतं ते सगळं त्यानं पाच दिवसांत उडवलं होतं.

हा लेखक म्हणजे फ्योदोर दोस्तोव्हस्की. दुसऱ्याच्या डोक्यातली पळवाट त्याला अचूक दिसायची. स्वतःच्या डोक्यातली मात्र दिसत नव्हती.

तुरुंगात काय दिसलं?

दोस्तोव्हस्कीचा जन्म 1821 चा, मॉस्कोचा. वडील गरिबांच्या दवाखान्यात डॉक्टर. लेखक म्हणून नाव होत असतानाच सरकारविरोधी चर्चा करणाऱ्या एका गटात तो जाऊ लागला आणि 1849 मध्ये पकडला गेला. डिसेंबरमध्ये त्याला साथीदारांसह सेंट पीटर्सबर्गच्या चौकात उभं केलं, मृत्युदंड वाचून दाखवला, सैनिकांनी बंदुका रोखल्या. आणि अगदी शेवटच्या क्षणी झारनं शिक्षा बदलल्याचं जाहीर झालं. हा सगळा देखावा आधीच ठरलेला होता.

त्यानंतर पायात बेड्या घालून त्याला सायबेरियातल्या ओम्स्कच्या तुरुंगात पाठवलं. तिथं चार वर्षं सक्तमजुरी. आजूबाजूला खुनी, दरोडेखोर, चोर.

या अनुभवावर त्यानं पुढे ‘द हाऊस ऑफ द डेड’ लिहिलं. त्यातलं एक निरीक्षण आजही विचार करायला लावतं. इतकी वर्षं सोबत राहूनही या कैद्यांमध्ये पश्चात्ताप जवळपास दिसला नाही. बहुतेकांना आतून आपलंच बरोबर वाटत होतं.

म्हणजे गुन्हा करणाऱ्याला तो गुन्हा वाटतच नाही. त्याच्याकडे कारण तयार असतं. ‘क्राईम अँड पनिशमेंट’चा नायक रास्कोल्निकोव्ह हेच करतो. सावकारीण म्हातारी दुष्ट आहे, तिच्या पैशातून शेकडो लोकांचं भलं होईल, मोठ्या माणसांना नेहमीचे नियम लागू नसतात, अशी एकेक पायरी रचत तो कुऱ्हाडीपर्यंत पोचतो. हात नंतर उचलला जातो, विचार आधी तयार होतो.

पहिल्याच झटक्यात जिंकला, तिथंच फसला

1863 च्या उन्हाळ्यात दोस्तोव्हस्की वीसबाडेनला रुलेट खेळला आणि 10 हजारांहून जास्त फ्रँक जिंकला. पैसे पेटीत ठेवून कुलूप लावलं, दुसऱ्या दिवशी निघायचं ठरवलं. पण पाय परत टेबलाकडे वळले आणि त्यातले जवळपास निम्मे गेले.

यातून धडा काय घ्यायला हवा होता? खेळच वाईट आहे, हा. त्यानं घेतलेला धडा वेगळाच होता. नातेवाइकांना लिहिलेल्या पत्रात त्यानं जिंकण्याचं गुपित सांगितलं: डोकं थंड ठेवायचं, उत्तेजित व्हायचं नाही, मग हरणं शक्यच नाही.

आता गणित बघा. एक शून्य असलेल्या रुलेटच्या चाकावर 37 घरं असतात. 18 लाल, 18 काळी आणि एक शून्य. लालवर पैसे लावले तर 37 पैकी 18 वेळा जिंकायची शक्यता आणि 19 वेळा हरायची. दर 100 रुपयांमागे सरासरी पावणेतीन रुपये कॅसिनोकडे जातात. चाकाला मागचा आकडा आठवत नाही, आणि खेळणाऱ्याचं डोकं थंड आहे की गरम, हेही कळत नाही.

पण या एका समजुतीमुळे हरणं कायमचं माफ झालं. जिंकलो तर पद्धत बरोबर, हरलो तर डोकं थंड राहिलं नाही. पद्धत चुकीची ठरायची सोयच नव्हती.

कर्ज, करार आणि अ‍ॅना

1864 मध्ये त्याची पहिली बायको गेली, पाठोपाठ भाऊ मिखाईल गेला. भावाचं कर्ज दोस्तोव्हस्कीनं अंगावर घेतलं. आता जुगाराला एक उदात्त कारणही मिळालं: एक मोठा डाव लागला की सगळी देणी फिटतील.

त्यातच स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकानं 3 हजार रूबल देऊन जाचक करार करून घेतला. 1 नोव्हेंबर 1866 पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं दोस्तोव्हस्कीचं लिखाण तो फुकट छापणार. महिना राहिला तेव्हा एक ओळही लिहिलेली नव्हती. मग अ‍ॅना नावाच्या 20 वर्षांच्या स्टेनोग्राफरला बोलावलं आणि 26 दिवसांत कादंबरी सांगून लिहून घेतली. प्रकाशक मुद्दाम गायब झाला, तेव्हा हस्तलिखित पोलीस अधिकाऱ्याकडे जमा करून पावती घेतली.

कादंबरीचं नाव ‘द गॅम्बलर’. जुगारी माणूस स्वतःला कसा फसवतो याचं चित्र त्यानं कागदावर उतरवलं. आणि 1867 मध्ये अ‍ॅनाशी लग्न करून परदेशी गेल्यावर तेच सगळं जगला.

होम्बुर्गहून तो बायकोला रोज पत्र लिहायचा. हरलो कारण तुला सोबत आणलं नाही, हरलो कारण घाईत आलो, हरलो कारण मन थाऱ्यावर नव्हतं. कारणं बदलायची, निष्कर्ष तोच. बाडेन-बाडेनला सात आठवड्यांत लग्नाच्या अंगठ्या, अ‍ॅनाची कानातली, ब्रोच, तिचे कपडे गहाण पडले. घरी येऊन तो गुडघे टेकायचा, रडायचा, माफी मागायचा, शपथ घ्यायचा. मन हलकं झालं की उरलेले पैसे घेऊन पुन्हा निघायचा. रडणं खोटं नव्हतं. पण आधीचा हिशेब तिथं मिटायचा आणि नवा डाव मांडायला वाट मोकळी व्हायची.

अ‍ॅनानं भांडणं टाळली. हा नुसता मनाचा कमकुवतपणा नाही, आजारासारखं काहीतरी आहे, हे तिनं ओळखलं होतं. तिनं नंतर आठवणींमध्ये तसं लिहूनही ठेवलं.

वीसबाडेनची शेवटची रात्र

एप्रिल 1871. कुटुंब ड्रेस्डेनमध्ये. पहिली मुलगी तीन महिन्यांची होऊन वारलेली, दुसरी दीड वर्षाची, अ‍ॅना पुन्हा गरोदर. दोस्तोव्हस्कीला लिहिणं सुचत नव्हतं. साठवलेल्या 300 थेलरपैकी साधारण 100 थेलर देऊन अ‍ॅनानंच त्याला वीसबाडेनला पाठवलं.

ते गेले. परतीसाठी तिनं 30 थेलर पाठवले, तेही गेले. रात्री तो ओळखीच्या रशियन धर्मगुरूला शोधत अंधारात धावत सुटला, रस्ता चुकला. ज्याला रशियन चर्च समजला, ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ निघालं. तो माघारी फिरला आणि बायकोला पत्र लिहायला बसला.

माफी, शपथ, पैशाची मागणी हे सगळं त्यात होतंच. पण एक गोष्ट नवी होती. कर्जाच्या ओझ्याखाली आल्यापासून जवळपास दहा वर्षं आपण जिंकण्याचं स्वप्न बघत होतो आणि ती एक भ्रामक कल्पना होती, जी आता संपली, असं त्यानं लिहिलं.

फरक इथं आहे. आधीच्या शपथा हाताला घातलेल्या होत्या: खेळणार नाही. डोक्यातली समजूत मात्र शाबूत असायची, की नीट खेळलं तर जिंकता येतं. या वेळी त्यानं त्या समजुतीलाच खोटं म्हटलं.

व्यसन आणि गुन्हेगारीवर आज वापरली जाणारी कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी हेच पद्धतशीरपणे शिकवते. कृतीच्या आधी येणारा विचार पकडायचा, तो लिहून काढायचा, पुराव्यावर तपासायचा आणि त्या जागी खरा विचार ठेवायचा. दोस्तोव्हस्कीला ना थेरपिस्ट मिळाला, ना हे तंत्र माहीत होतं. त्याला आठ वर्षं लागली आणि त्याची किंमत घरानं मोजली.

अ‍ॅनाचा आधी विश्वास बसला नाही. अशी पत्रं तिनं खूप वाचली होती. पण ती नुसती वाट बघत बसली नाही. त्याच वर्षी रशियात परतल्यावर सावकारांशी बोलणी तिनं हातात घेतली. 1873 पासून ती नवऱ्याची पुस्तकं घरूनच छापून विकू लागली. पैशाचा व्यवहार तिच्याकडे आला.

जर्मनीतले कॅसिनो 1872 च्या अखेरीस बंद झाले, त्यामुळेच तो सुटला असंही म्हणता येईल. पण पुढे उपचारांसाठी तो चार वेळा जर्मनीतल्या एम्सला गेला, आणि मॉन्टे कार्लोचं रुलेट तेव्हा जोरात चालू होतं. तो तिकडे फिरकला नाही.

फेब्रुवारी 1881 मध्ये दोस्तोव्हस्की वारला. त्याच्या साधारण वर्षभर आधी सगळी देणी फिटली होती. ज्या कर्जाचं कारण सांगून तो आठ वर्षं चाकावर पैसे लावत राहिला, ते शेवटी फिटलं पुस्तकं विकून.