रोलँड मेसन ऑर्डिश

रोलँड मेसन ऑर्डिश (११ एप्रिल १८२४ – १२ सप्टेंबर १८८६) हे ब्रिटिश स्थापत्य अभियंता होते. मुंबईतील काळा घोडा परिसरातील वॉटसन्स हॉटेल (सध्याचे एस्प्लनेड मॅन्शन) या इमारतीचा लोखंडी सांगाडा त्यांनी आखला. छप्पर आणि मजल्यांवरील भार जमिनीपर्यंत कसा पोहोचवावा, हा त्यांच्या कामाचा मुख्य विषय होता.

== सुरुवातीचा काळ ==
ऑर्डिश यांचा जन्म इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील मेलबर्न या गावी झाला. फॉक्स, हेंडरसन या कंपनीत असताना त्यांनी लंडनच्या १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसचे तपशीलवार आराखडे तयार केले.

== छपरांची रचना ==
कमानीच्या छपराचा भार केवळ खाली येत नाही. तो कमानीच्या पायांना बाहेरही रेटतो. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या (१८६८) सुमारे ७३ मीटर रुंद छपरासाठी विल्यम हेन्री बार्लो यांनी फलाटाखालील तुळयांचाच ताण घेणाऱ्या बंधांसारखा उपयोग केला. अशा रीतीने जमिनीवरील मजल्यानेच छपराचे पाय एकत्र धरून ठेवले. या छपराच्या तपशिलाचे काम ऑर्डिश यांनी केले.

रॉयल अल्बर्ट हॉलचा लंबवर्तुळाकार घुमट त्यांनी जॉन विल्यम ग्रोव्हर यांच्यासह आखला. येथे बाहेरचा रेटा भिंतीच्या माथ्यावरील लोखंडी कड्याने पेलला आहे. घुमटाचा सांगाडा आधी मँचेस्टर येथे जोडून पाहिला व नंतर सुटा करून लंडनला नेला. टेकू काढल्यावर तो जेमतेम ८ मिलिमीटर खाली बसला. लंडनमधील अल्बर्ट पूल (१८७३) हीही त्यांचीच रचना आहे.

== वॉटसन्स हॉटेल ==
जॉन वॉटसन यांच्यासाठी ही इमारत १८६७ ते १८६९ या काळात उभारली गेली. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने मुंबईत आणण्यात आल्या. त्या काळातील नेहमीच्या इमारतींत मजल्यांचा भार जाड भिंती पेलत असत. येथे तो तुळयांवरून खांबांवर आणि खांबांवरून पायावर जातो. त्यामुळे बाहेरच्या बाजूला रुंद, मोकळे सज्जे ठेवता आले. भारतात आज टिकून असलेल्या बिडाच्या सांगाड्याच्या सर्वांत जुन्या इमारतींमध्ये तिची गणना होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला.

हॉटेल बंद पडल्यानंतर इमारतीचे लहान लहान गाळे पाडून ते भाड्याने देण्यात आले. अशा सांगाड्यात नंतर घातलेली प्रत्येक आडभिंत आणि पोटमाळा स्थिर भारात भर टाकतो. माणसे आणि सामान यांचा चल भार त्याहून निराळा असतो. दुसरीकडे गंजामुळे लोखंडाचा काटछेद कमी होत जातो. २००५ मध्ये सज्जांचा काही भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला. जागतिक स्मारक निधीने २००६ च्या धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत तिचा समावेश केला. २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. ती पाडावी की जतन करावी, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

== वारसा ==
आजच्या आर.सी.सी. इमारतींतही भार स्लॅबवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबावरून पायावर जातो. ऑर्डिश यांनी मुंबईत बिडात वापरलेले तत्त्व हेच होते. मात्र आखताना गृहीत धरलेला भार पुढेही मर्यादेत राहिला, तरच असा सांगाडा सुरक्षित राहतो.